चार चाळीसचा इतिहास

१ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कार्याची सुरुवात नेमकी कधी झाली यावरून पुढे वाद होतात. माझ्या बाबतीत ते नकोत. म्हणून नोंद करून ठेवतो: आज मधल्या सुट्टीत, स्टाफरूममधल्या एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवर बसलो असताना मला ब्लॉगची कल्पना सुचली.

तशी ती शनिवारच्या प्रशिक्षणात प्रशिक्षकांनी सांगितली होती. मुलांना ब्लॉग लिहायला लावा, लेखनही येईल आणि इतिहासही येईल, असं ते म्हणाले. पण ते नुसतं म्हणाले. सुचली मला.

हे प्रशिक्षक लवकरच निवृत्त होणार आहेत. कॉलरला माइक, फिरती खुर्ची, चहा सगळ्यांच्या आधी. समोर बसलेले सगळे मोठे, त्यामुळे कोणी मध्येच उठून शू लागली म्हणत नाही. नवा प्रशिक्षक निवडायला अधिकारी मॅडम शाळाशाळांत फिरणार आहेत. मी अठरा वर्षं चौथी ब सांभाळतो आहे. मुलं पाचवीत जातात, मी चौथीतच. ती खुर्ची मला पाहिजे. इथे स्पष्ट लिहितो, कारण चारचौघांत मी 'केवळ मुलांसाठी' असं म्हणणार आहे.

हेडबाई म्हणाल्या की हॉलमधलं घड्याळ आज बंद पडलं, सेल बदला. शाळेचं साहित्य माझ्याकडे असतं. उद्याच बदलतो म्हणालो.

३ सप्टेंबर
कन्येने जेवता जेवता मोबाइलवर ब्लॉग तयार केला. इतकं सोपं असेल तर ते मी स्वतः करण्यात अर्थ नव्हता.

नाव 'चौथी ब' ठेवा म्हणाली. कल्पनाशक्ती आईवर गेली आहे. मी 'उगवते इतिहासकार' ठेवलं. खाली 'संकल्पना, संपादन आणि मार्गदर्शन' आणि माझं नाव. वर माझा फोटो, हनुवटीखाली मूठ. बायको म्हणाली की दाढ दुखतेय असं वाटतं.

मुलांचं लेखन आधी माझ्याकडे येणार. मी 'मंजूर' दाबलं की जगासमोर जाणार. त्याच्या खाली 'सगळे मंजूर' असंही एक बटण आहे. कन्येला बजावून सांगितलं की ते मला कधीच लागणार नाही. मी शब्द न् शब्द वाचतो.

५ सप्टेंबर
संगणक कक्ष. निम्मे संगणक चालू झाले, उरलेल्यांवर मुलांना चालू झाल्यासारखं बसवलं. मुलं एका बोटाने टाइप करतात. तास संपला तेव्हा बहुतेकांचं 'मी' टाइप करून झालं होतं. आत्मचरित्राची सुरुवात म्हणून वाईट नाही.

चौथी अ च्या बाई दारातून बघत होत्या. त्यांचा वर्ग अजून पेन्सिलीने लिहितो. मला त्यांची दया आली.

सेल राहिला.

८ सप्टेंबर, सोमवार
मुलांना विषय दिला: 'आपल्या शाळेतील एका वस्तूचा इतिहास.' आधी कागदावर लिहून आणा म्हटलं. संध्याकाळी वाचायला घेतलं आणि कपाळाला हात लावला.

मागच्या बाकावरचा एक जण (त्याला मी 'मागचा बाक' म्हणतो, तोही आता तेच नाव सांगतो) लिहितो की नळ गळतो, आधी कमी गळायचा, आता जास्त गळतो. एकीने खडूच्या डब्यावर लिहिलं आहे. आणि 'प्रश्नपत्रिका'!

प्रश्नपत्रिका म्हणजे पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची मुलगी. तिच्या तोंडाला कुलूप नाही. मी श्वास घ्यायला थांबलो की हात वर. तिने लिहिलं आहे: "हॉलमधलं घड्याळ गेल्या आठवड्यापर्यंत चालू होतं. आता ते चार चाळीसवर बंद आहे. हेडबाईंनी सरांना सेल आणायला सांगितलं आहे. सरांनी अजून आणलेला नाही."

लाल पेनाने शेरा मारला: 'इतिहास म्हणजे कालपरवाच्या गोष्टी नव्हेत. भूतकाळात डोकवा.'

१० सप्टेंबर
मुलांना नमुना हवा. नमुन्याशिवाय मूल लिहीत नाही हा माझा अनुभव. म्हणून मीच एक आदर्श पोस्ट लिहिली. विषय घड्याळच घेतला, म्हणजे प्रश्नपत्रिकेला समजेल की वस्तू तीच असली तरी दृष्टी लागते.

हॉलमध्ये संस्थापकांच्या तसबिरीखाली ते घड्याळ. बघत उभा राहिलो. चार चाळीस. काटे जणू काही सांगू पाहत होते. लिहीत गेलो: "माझ्या अठरा वर्षांच्या सेवेत मी हे घड्याळ पाहत आलो आहे. असे म्हणतात, की ज्या क्षणी संस्थापकांची प्राणज्योत मालवली, त्याच क्षणी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, हे घड्याळ थांबले."

बायकोला वाचून दाखवलं. असं कोण म्हणतं, तिने विचारलं. म्हटलं, 'असे म्हणतात' ही इतिहासलेखनाची एक शैली आहे. ती भाजी निवडत होती, ती निवडत राहिली.

११ सप्टेंबर
नमुना फळ्यावर लिहिला. मुलांना सांगितलं, यावरून प्रेरणा घ्या. तसंच्या तसं उतरवू नका, स्वतःचं काहीतरी घाला.

१५ सप्टेंबर, सोमवार
अख्ख्या वर्गाच्या पोस्ट आल्या. सगळ्या घड्याळावर. काय ही एकवाक्यता! मागच्या बाकाने शेवटी 'नळही गळतो' एवढं स्वतःचं घातलं आहे. पाच-सहा वाचल्या, पुढच्या साधारण तशाच असणार हे अनुभवाने कळतं. 'सगळे मंजूर' दाबलं. फक्त आजच्या दिवस.

फक्त प्रश्नपत्रिकेने काही पाठवलं नाही. म्हणाली की मी हे पाहिलेलं नाही, मग कसं लिहू.

हेडबाईंनी सेलची आठवण केली.

१७ सप्टेंबर
सकाळी प्रश्नपत्रिकेने भर वर्गात विचारलं की सर, संस्थापक वारले आणि घड्याळ थांबलं हे कोणी पाहिलं. मी म्हटलं, गप्प बस. पुढे वर्गाला उद्देशून एक मौलिक सूचना केली: वर्गात मला विचारत बसायचं नाही. जे काही मनात येईल ते लिहायचं. आपण ब्लॉग त्यासाठीच काढला आहे. हे वाक्य पुढे भाषणात घालण्यासारखं आहे.

संध्याकाळी ६.१०
ब्लॉगवर पहिली प्रतिक्रिया! नाव 'एक वाचक'. मजकूर: "घड्याळ थांबलं हे कोणी पाहिलं? स्रोत लिहावा."

'स्रोत लिहावा'! ही भाषा सामान्य माणसाची नव्हे. हे शब्द मी एकदाच ऐकले आहेत, शनिवारच्या प्रशिक्षणात, तेही अधिकारी मॅडमच्या तोंडून. (मी नंतर वर्गात वापरले, ते वेगळं.) मॅडम स्वतः माझा ब्लॉग वाचत आहेत. नाव लपवून. मोठ्या माणसांची हीच तर पद्धत.

ताबडतोब उत्तर दिलं: "आदरणीय वाचक, आपण अत्यंत मूलगामी प्रश्न विचारलात. आपल्यासारख्या जिज्ञासूंमुळेच इतिहास जिवंत राहतो. स्रोत: चौथी ब मधील सर्व विद्यार्थ्यांचे एकमुखी लेखन."

हे लिहिताना लक्षात आलं, आता 'असे म्हणतात' खरोखरच खरं आहे. मुलं म्हणतात.

२० सप्टेंबर
सेल आणले. दोन. घरी टीव्हीचा रिमोट चालत नव्हता, त्यात घातले. सोमवारी परत आणू.

२२ सप्टेंबर, सोमवार
सेल आणण्याविषयी नव्याने विचार केला. संस्थापकांच्या निधनाचा क्षण जपणाऱ्या घड्याळात सेल घालायचा म्हणजे ऐतिहासिक ठेव्यात ढवळाढवळ. हेडबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या की सर, ते घड्याळ गेल्या महिन्यापर्यंत चालू होतं. प्रशासनात राहून माणसाची दृष्टी मर्यादित होते.

प्रश्नपत्रिकेला ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली हवी होती. शाळेची जुनी स्मरणिका बघायची म्हणे. देऊन टाकली. तेवढा वेळ वर्गात शांतता.

२४ सप्टेंबर
'एक वाचक' पुन्हा: "शाळेच्या स्मरणिकेत लिहिलं आहे की संस्थापक पहाटे झोपेत वारले. मग दुपारी चार चाळीस कसे?"

पाचावर धारण बसली. मॅडमनी आमची स्मरणिका मिळवली! केवढा हा व्यासंग. तेवढ्यात कन्या पाणी प्यायला आली आणि म्हणाली की बाबा, घड्याळावर काय एएम-पीएम नसतं.

आनंदाने उडालो. लिहिलं: "आपला अभ्यास पाहून थक्क झालो. चार चाळीस हे पहाटेचेच. 'दुपारी' हा विद्यार्थ्यांचा अनवधानाने झालेला प्रमाद. आपल्यासारखा वाचक लाभणे हे आमचे भाग्य." उद्या सगळ्यांना 'दुपारी' खोडून 'पहाटे' करायला लावतो. इतिहासात नवे पुरावे येतात तशा दुरुस्त्या कराव्या लागतात, हेही मुलं शिकतील.

२६ सप्टेंबर
वर्गात दुरुस्ती. मागच्या बाकाने विचारलं की आता हे आधीपासूनच पहाटेचं होतं का. प्रश्न विचारण्याची साथ पसरते आहे. सगळ्या पोस्ट पुन्हा आल्या. 'सगळे मंजूर'.

२९ सप्टेंबर, सोमवार
एका स्थानिक वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी: 'मृत्यूच्या क्षणी थांबलेले घड्याळ.' आमच्या ब्लॉगवरूनच घेतली आहे. कापून पाकिटात ठेवली. आता माझ्याकडे छापील पुरावासुद्धा आहे. ब्लॉगवर लिहिलं: 'पाहा, वर्तमानपत्रानेही दुजोरा दिला.'

चौथी अ च्या बाईंनी बातमी वाचली आणि म्हणाल्या की छान आहे. त्यांच्या सुरात मत्सर होता. असणारच.

३ ऑक्टोबर
काल संध्याकाळी 'एक वाचक': "हे घड्याळ सेलवर चालतं. संस्थापकांच्या काळात सेलवरची घड्याळं होती का? घड्याळाच्या मागे काय लिहिलं आहे ते पाहावं."

शाळा सुटल्यावर स्टूलवर चढून घड्याळ उतरवलं. मागे धूळ, कोळ्याचं जाळं आणि एक लेबल. लेबलवर काहीतरी साल होतं. चष्मा आणला नव्हता. म्हणजे डोळ्यांवर होता, पण तो लांबचा. पुन्हा टांगून ठेवलं.

उत्तर: "यंत्र कालांतराने बदलले असावे. तथापि घड्याळाचा आत्मा तोच आहे. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल ऋणी आहे."

सकाळी प्रश्नपत्रिकाही स्टूल मागत होती. कशाला, तर घड्याळाची पाठ बघायला. पडलीस तर जबाबदार कोण, म्हणून ओरडलो. ती खाली बसली आणि मग दिवसभर खिडकीबाहेर बघत होती. शिस्तीचा परिणाम लगेच दिसतो.

८ ऑक्टोबर
प्रश्नपत्रिका तापाने गैरहजर. वर्ग कसा गुण्यागोविंदाने चालला. मी बोललो, मुलांनी ऐकलं.

ब्लॉगवर 'एक वाचक' नाही.

१० ऑक्टोबर
'एक वाचक' नाही. मॅडम दौऱ्यावर असणार. करमत नाही. आज तर मी स्वतःच एक पोस्ट टाकली, मुद्दाम कच्ची, म्हणजे त्यांना काही विचारावंसं वाटेल. कोणी विचारलं नाही. बायको म्हणाली की जेवताना तो फोन बाजूला ठेवा, कोणाची वाट बघताय. मी म्हटलं, एका अभ्यासू व्यक्तीची. ती म्हणाली, बरं.

खरं सांगायचं तर, अठरा वर्षांत मी जे बोलतो ते इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलेलं मला आठवत नाही. हे इथे लिहितो, बाहेर नाही.

१४ ऑक्टोबर
प्रश्नपत्रिका आली. चेहरा उतरला आहे, पण हात वर जाण्याइतकी ताकद आहे. दिसला तरी मी न दिसल्यासारखं केलं.

संध्याकाळी मॅडमही दौऱ्यावरून परतल्या! "तुम्ही स्वतः हे घड्याळ चालू असताना पाहिलं आहे का?"

मग लिहिलं: "पाहणे म्हणजे काय, हा इतिहासाचा गाभ्याचा प्रश्न आपण उपस्थित केलात. आपल्या पुनरागमनाने अतिशय आनंद झाला. आपण बऱ्या आहात ना?"

शेवटचं वाक्य का लिहिलं कोण जाणे. जाऊ दे, माणुसकीला धरून आहे.

२१ ऑक्टोबर
ठरलं! अधिकारी मॅडम ३० तारखेला आमच्या शाळेत. आधी चौथी अ, मग आम्ही. माझं काम उरकलं म्हणायचं. मॅडम तर गेले कित्येक दिवस माझ्याच वर्गात आहेत.

भाषणाची तयारी. शेवटी असं घ्यायचं: 'एका वाचकाने आम्हाला वाट दाखवली, आणि ते वाचक आज इथेच आहेत.' मग मॅडमकडे सूचक नजर. त्या चमकतील, हसतील, मान हलवतील. खुर्ची फिरती आहे ना, हे एकदा विचारून घ्यावं लागेल.

२७ ऑक्टोबर, सोमवार
मुलांना सांगितलं की भेटीआधी प्रत्येकाने एक शेवटची पोस्ट पाठवा, 'मी इतिहास कसा शिकलो'. नमुना द्यायला वेळ नाही, मनाने लिहा. प्रश्नपत्रिकेने विचारलं की खरंच मनाने का. हो म्हटलं, एकदाचं.

२९ ऑक्टोबर
नाकी नऊ आले. हॉल झाडून घेतला, फुलदाणी ठेवली, तसबीर पुसली, घड्याळ मात्र धुळीसकट तसंच ठेवलं. धुळीने वय दिसतं. पोस्टचा ढीग आला होता. बायको बाहेर जायचं म्हणून दारात उभी. 'सगळे मंजूर' दाबून निघालो. मनाने लिहायला सांगितलं की मुलं काय लिहितात हे मला पाठ आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार
काय लिहू.

क्रमाने लिहितो.

मॅडम आल्या. साध्या आहेत. चौथी अ मध्ये बराच वेळ होत्या. तिथे मुलांनी आपापल्या गल्लीत काय पाहिलं ते पेन्सिलीने लिहिलं होतं. मॅडमनी त्यातली दोन-तीन पानं हातातच ठेवली होती. मग हॉलमध्ये आमचा वर्ग.

मी भाषण केलं. चांगलं झालं. घड्याळ दाखवलं. शेवटी 'ते वाचक आज इथेच आहेत' असं म्हणून मॅडमकडे सूचक नजर टाकली.

मॅडमनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग त्यांनी विचारलं की कोण वाचक. मी हसून म्हटलं की मॅडम, आता कशाला लपवता, आपले प्रश्न मला पाठ आहेत. मॅडम म्हणाल्या की तुमचा ब्लॉग मी आज सकाळी गाडीत पहिल्यांदा उघडला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून हात वर गेला. आज मला तो दिसला, कारण सगळ्यांना दिसला. प्रश्नपत्रिका उभी राहिली आणि म्हणाली की तो एक वाचक मी आहे. आईच्या फोनवरून लिहिते, संध्याकाळी आई दुकानातून आली की.

मॅडमनी विचारलं की वर्गात का नाही विचारलंस. ती म्हणाली की सर म्हणाले होते, वर्गात विचारायचं नाही, लिहायचं. मग म्हणाली की शिवाय ब्लॉगवर सर मला आपण म्हणतात. वर्गात गप्प बस म्हणतात. आणि ब्लॉगवर उत्तर देतात. मला ताप आला होता तेव्हा सरांनी विचारलं पण, आपण बऱ्या आहात ना म्हणून.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मॅडमनी विषय बदलला असं मला वाटलं. वर्गाला विचारलं की हे घड्याळ चालू असताना कोणी कोणी पाहिलं आहे. सगळे हात वर. मागच्या बाकाचे दोन्ही. हेडबाईंचाही, अर्धा.

मग मॅडमनी फोन काढला. एका मुलाची पोस्ट वाचली: "माझ्या अठरा वर्षांच्या सेवेत मी हे घड्याळ पाहत आलो आहे." विचारलं की याचं वय काय. नऊ. मला विचारलं की सर, तुम्ही हे वाचता ना. मी म्हटलं, शब्द न् शब्द. मग कालची या मुलीची पोस्ट वाचली असेल, तिच्यात काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं की उत्तम आहे, मुलीची भावना सुंदर उतरली आहे.

त्यांनी ती मोठ्याने वाचली. उतरवून ठेवतो:

"मी इतिहास असा शिकले. सर म्हणाले, पुरावा असेल तरच तो इतिहास. म्हणून मी घड्याळाचा पुरावा शोधला. घड्याळ सप्टेंबरमध्ये बंद पडलं. मी स्वतः पाहिलं. संस्थापक त्याच्या खूप आधी वारले, असं स्मरणिकेत आहे. घड्याळाच्या मागे जे साल आहे ते मी तिसरीत होते तेव्हाचं आहे, शिपाईकाकांनी मला उचलून दाखवलं. हेडबाईंनी सरांना सेल आणायला सांगितलं होतं. सर विसरले असतील, कारण सरांना ब्लॉगचं खूप काम असतं. माझ्याकडे एक सेल आहे. पण घड्याळाला हात लावायचा नाही असं सर म्हणाले आहेत, म्हणून मी तो दप्तरात ठेवला आहे."

मॅडमनी तिला विचारलं की हे असं पुरावा बघून लिहायला तुला कोणी शिकवलं. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, सरांनी.

हे ती मनापासून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. मला त्या जागी उभं राहवेना. पुराव्याचं ते वाक्य मी प्रशिक्षणाच्या कागदावरून फळ्यावर उतरवलं होतं आणि त्याच हाताने पुसलं होतं. अख्ख्या वर्गात एकीनेच ते खरं धरलं, आणि तिला मी ओरडत होतो.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली की जेवून घ्या. मग म्हणाली की पोरगी गुणी आहे हो. एवढंच.

३ नोव्हेंबर, सोमवार
पत्र आलं. प्रशिक्षक म्हणून चौथी अ च्या बाईंची निवड. त्या सांगायला स्वतः आल्या, अवघडल्या होत्या. मी अभिनंदन केलं. फिरती खुर्ची आहे का विचारलं. म्हणाल्या, साधी आहे, आणि हलते.

मॅडमनी प्रश्नपत्रिकेची पोस्ट पुढच्या प्रशिक्षणासाठी मागून घेतली आहे. ब्लॉग चालू ठेवा, 'सगळे मंजूर' काढून टाका, असंही पत्रात आहे. कन्येने जेवता जेवता काढून टाकलं.

हेडबाई म्हणाल्या की सेल.

४ नोव्हेंबर
शाळेत निघताना आठवलं, दुकान अजून उघडलेलं नाही. रिमोटमधला एक सेल काढला. प्रश्नपत्रिकेचा मागायचा धीर झाला नाही.

प्रार्थनेनंतर स्टूलवर चढलो. धूळ पुसली, सेल घातला, माझ्या मनगटावरच्या घड्याळावरून काटे लावले. टिकटिक सुरू झाली. संस्थापक तसबिरीतून बघत होते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागचा बाक म्हणाला की आता नळ.

पहिल्या बाकावरचा हात वर. सवयीने तोंडातून 'गप्प' निघालं, 'बस' गिळलं. म्हटलं, विचार. मग म्हटलं, विचारा. पोरं फिदीफिदी हसली. ती नाही हसली. तिने विचारलं की सर, वेळ कशावरून लावली.

माझ्या घड्याळावरून.

आणि तुमचं घड्याळ कशावरून?

उत्तरं खूप होती. अनुभव, परंपरा, सूर्य. अठरा वर्षांत अशा वेळी मी कधी अडलो नाही. आज म्हटलं की माहीत नाही, बघून सांगतो. तिने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मधल्या सुट्टीत ऑफिसात जाऊन पाहिलं. माझं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. केव्हापासून, देव जाणे. पुन्हा स्टूल.

संध्याकाळी ६.०५
ब्लॉगवर दोन ओळी टाकल्या: 'हॉलमधले घड्याळ सुरू झाले आहे. ते सप्टेंबरमध्ये बंद पडले होते.' लगेच प्रतिक्रिया.

'एक वाचक': "सेल कोणी घातला?"

'प्रशासनाच्या सहकार्याने' असं टाइप केलं. खोडलं. 'योग्य वेळी योग्य ती कार्यवाही' लिहिलं. तेही खोडलं. मग लिहिलं: "मी. फार उशिरा. आपण विचारत राहिलात, म्हणून."

बाहेर बायको टीव्हीसमोर उभी राहून रिमोट आपटते आहे. आत्ताच तिने विचारलं की यातला एक सेल कुठे गेला. सांगायला हवं.